वरून पेटवायची लाकडे

मी एक जुना ओफन आहे. ओफन म्हणजे लाकडे जाळून खोली गरम करणारी लोखंडी शेगडी. क्रांती गेली त्या दिवशी माझ्या पोटात लाकडे रचलेली होती. ती तिनेच सकाळी रचली होती.

१२ ऑक्टोबर २०१७, गुरुवार. जर्मनीत, ब्यॉब्लिंगेनजवळच्या एका गावात आमचे घर आहे. सकाळी सात वाजता क्रांती माझ्यापुढे गुडघे टेकून बसली. तिने खाली दोन जाड लाकडे ठेवली, त्यांवर आडवी दोन ठेवली आणि सगळ्यांत वर बारीक ढलप्या ठेवल्या. मग माझे काचेचे दार लावले.

"संध्याकाळी थंडी पडणार आहे," ती म्हणाली. "जो आधी घरी येईल त्याने काडी लावायची."

तिचा नवरा यशपाल बूट घालत होता, मुलगी जिन्यावर बसून दप्तर भरत होती. तो म्हणाला, "म्हणजे मीच. तुझी मीटिंग कधी वेळेवर संपलीय?"

साडेपाचला तो आला. काडेपेटी हातात घेतली आणि फोन वाजला. तो जर्मनमध्ये म्हणाला, "हो, मी तिचा नवरा." मग बराच वेळ नुसता ऐकत राहिला. काडेपेटी माझ्या डोक्यावर ठेवून तो निघून गेला.

दोन तासांनी तो मुलीला घेऊन परत आला आणि कोट न काढता त्याने नागपूरला फोन लावला. क्रांतीच्या आईला, द्रौपदीबाईंना. तो म्हणाला, "आई, क्रांती गेली." आवाज नीट पोहोचत नसावा. तो पुन्हा म्हणाला, "क्रांती. गेली. हो. ऑफिसमध्ये. डोक्यातली शीर फुटली." मला तेव्हा कळले.

मित्रांनो, आता माझी हकीकत पहिल्यापासून सांगतो.

माझा जन्म १९८३ सालचा. एका ओतशाळेत वितळलेले लोखंड वाळूच्या साच्यात ओतले आणि मी तयार झालो. एका कामगाराने माझ्या पाठीवर छोटा पत्रा ठोकला. त्यावर माझे साल आहे. त्या पत्र्याकडे पुढे चौतीस वर्षे कोणी पाहिले नाही.

मला या घरात आणले ते फ्राउ लोरेन्त्स, म्हणजे लोरेन्त्सबाई, आणि त्यांच्या नवऱ्याने. ते बर्फातून आले की ओले हातमोजे माझ्यावर वाळत घालत. सफरचंदाच्या चकत्या वाळवत. "आख्ख्या गल्लीत असा ओफन नाही," असे ते पाहुण्यांना सांगत. माझ्या धुराबद्दल कोणी काही म्हणत नसे. प्रत्येक धुराड्यातून धूर निघायचा, आणि निघाला की घरात माणूस आहे एवढेच कळायचे.

पुढे म्हातारा वारला. फ्राउ लोरेन्त्सना लाकडे उचलवेनात. त्यांनी माझ्यावर जुनी वर्तमानपत्रे ठेवायला सुरुवात केली. सात वर्षे मला कोणी पेटवले नाही. माझ्या आत एक कोळी राहत होता.

२००९ साली त्या वृद्धाश्रमात गेल्या आणि हे घर यशपाल आणि क्रांतीने घेतले. दोघे नागपूरचे, दोघे इंजिनिअर. त्यांची मुलगी धम्मदीपा तेव्हा सहा वर्षांची होती. घरात तेलावर चालणारे हीटर होते, माझी गरज नव्हती. पण क्रांतीने पहिल्याच आठवड्यात मला पुसून घेतले. तिच्या सामानात लोखंडी फुंकणी होती. ती तिने नागपूरहून विमानाने आणली होती.

तिने मला चुलीसारखे पेटवले. खाली कागद, वर काटक्या, वर ओले लाकूड, आणि फुंकर. खोली धुराने भरली. छतावरचे धुराचे यंत्र किंचाळू लागले. धम्मदीपा टेबलाखाली जाऊन बसली. यशपालने सगळ्या खिडक्या उघडल्या आणि म्हणाला, "वा! आता घर वाटतंय. कामठीचं."

"चूप बस," खोकत क्रांती म्हणाली.

त्यानंतर हेर हेगेले आले. हेर म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. इथे धुराडी साफ करणारा माणूस सरकारने नेमलेला असतो. कोणता ओफन चालू ठेवायचा आणि कोणता बंद करायचा, हेही तोच सांगतो. हेगेले काळ्या कपड्यातले, लांब हातांचे गृहस्थ. त्यांनी फुंकणी उचलून पाहिली.

"हे कोणतं वाद्य?"

"माझ्या आईचं आहे," क्रांती म्हणाली. "तिने तीस वर्षं वाजवलं."

मग तिने सांगितले. आईने तीस वर्षे चुलीपुढे काढली. आता गॅस आहे, पण तिचा खोकला गेला नाही. डोळ्यांतून पाणी येते. "मला तिला इथे आणून विस्तवापुढे बसवायचंय," क्रांती म्हणाली. "पण धूर नको."

हेगेले हसले नाहीत. ते माझ्यापुढे बसले आणि त्यांनी तिला शिकवले. लाकूड दोन वर्षे सुकवायचे. यंत्राने ओलावा मोजायचा, वीस टक्क्यांच्या आत हवा. जाड खाली, बारीक वर, आणि काडी सगळ्यांत वर लावायची. आग हळूहळू खाली उतरते. खालच्या लाकडाची वाफ वरच्या ज्वाळेतून जाते आणि तिथेच जळते. हवेची झडप सुरुवातीला पूर्ण उघडी ठेवायची.

क्रांती हे शिकली. यशपाल शिकला नाही. त्याला त्याची गरज पडली नाही. आठ वर्षे तीच लाकडे रचत असे.

२०१७ च्या जानेवारीत हेगेलेंनी माझ्या पाठीमागे बॅटरी मारली. "१९८३," ते म्हणाले. "या वर्षाच्या शेवटी बंद."

"चांगला चालतोय की!" यशपाल म्हणाला.

"चालतो. पण त्याच्या आत हवेची वाट जुन्या पद्धतीची आहे. कितीही नीट पेटवा, बारीक धूळ बाहेर जाते. कायदा आता ती चालू देत नाही."

मला राग आला नाही. ते खरे बोलत होते. पलीकडच्या मोठ्या शहरात त्या हिवाळ्यात हवा बिघडली की हौसेचे ओफन पेटवायला मनाई होऊ लागली होती. आमच्या गावात तशी मनाई नव्हती. पण हवा तीच होती.

मग नव्या ओफनची शोधाशोध सुरू झाली. दोघे दर शनिवारी दुकानांत जात आणि रंगीत माहितीपत्रके घेऊन येत. यशपालला मोठा ओफन हवा होता, रुंद काचेचा, नऊ किलोवॅटचा.

"एवढ्यात लग्नाची पंगत उठेल," क्रांती म्हणाली. "खोली केवढी आहे आपली? अठ्ठावीस चौरस मीटर. पाच किलोवॅट खूप झाले."

"मोठा असला तर काय बिघडलं? कमी जाळू."

"तेच बिघडतं. मोठा घेतलास की खोली तापते, मग तू हवा कमी करणार, मग लाकूड धुमसणार. आणि धूर. म्हणजे हाच परत आला." तिने माझ्याकडे बोट दाखवले.

तिने टेप घेऊन भिंत मोजली, धुराड्याची उंची विचारून घेतली. स्वयंपाकघरातला पंखा खोलीतली हवा ओढतो, म्हणून ओफनला बाहेरून हवा घेणारी वेगळी नळी हवी, हे तिने लिहून ठेवले. प्रत्येक पत्रकावर धुळीचा आकडा असतो. त्याखाली ती पेन्सिलने रेघ मारी. ज्याचा आकडा कायद्याच्या मर्यादेला टेकलेला, ते पत्रक बाद. होता होता दोनच पत्रके उरली.

तो ऑक्टोबर होता. यशपालने विचारले, "यातला कोणता?"

"ठरवलाय मी. शनिवारी हेगेलेंशी बोलते, मग सांगते."

"आत्ता सांग की."

"आत्ता सांगितलं तर शनिवारपर्यंत तू मला नऊ किलोवॅटचं कीर्तन ऐकवशील."

हे मंगळवारी झाले. गुरुवारी ती गेली.

त्या शनिवारी १४ ऑक्टोबर होता, धम्मचक्र प्रवर्तन दिन. वंदनेसाठी वाल्डॉर्फहून, आखनहून मित्र येणार होते. ते आले. बायकांनी स्वयंपाकघर हाती घेतले. पुरुष माझ्यापुढे बसून राहिले. उज्ज्वल नावाच्या मित्राने आत लाकडे रचलेली पाहिली आणि सहज काडेपेटी उचलली. यशपालने ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"नको," तो म्हणाला. "ती तिने रचलीत."

त्यानंतर कोणी हात लावला नाही. माझ्या काचेवर धूळ बसली. यशपाल ऑफिसला जाई, परत येई, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसे. टीव्ही चालू असे, पण त्याचा आवाज बंद असे. हेगेलेंचे पत्र आले. नवा ओफन यायला आठ आठवडे लागतात, तेव्हा लवकर कळवा, असे त्यात होते. यशपालने ते वाचले आणि इतर पत्रांखाली ठेवले.

धम्मदीपा आता चौदा वर्षांची. तिला मराठी सगळे समजते, उत्तर ती जर्मनमध्ये देते. एकदा ती म्हणाली की आपल्याला ओफन नकोच. घरात हीटर आहेत, हौसेसाठी लाकडे कशाला जाळायची, वर्गात तिने यावरच प्रकल्प केला आहे. "पपा, ती लाकडं काढून टाक," ती म्हणाली. "मला ती रोज दिसतात."

"हात लावायचा नाही," यशपाल म्हणाला.

ती जिना चढून गेली. तिने दार आपटले नाही. आपटले असते तर बरे झाले असते, असे मला वाटले.

डिसेंबरच्या सुरुवातीला द्रौपदीबाई आल्या. त्यांचा व्हिसा क्रांतीने सप्टेंबरमध्येच केला होता. वय एकाहत्तर, लुगड्यावर नातीचा जुना स्वेटर. त्या लेकीच्या फोटोपुढे बसत, नाहीतर माझ्यापुढे. एका रविवारी दुपारी त्यांनी माझे दार उघडले.

"जावईबापू, हे काऊन असं ठेवलं?"

"राहू द्या, आई. क्रांतीने रचलंय ते."

"माया पोरीनं? नाही बापा. हे उलटं हाय. बारीक वर अन् जाड खाली? मी का असं शिकवलं तिला?"

धम्मदीपा पायरीवर बसली होती. ती मराठीत बोलली. अडखळत बोलली, पण मराठीतच.

"आज्जी, वरून. मम्मी वरून लावायची. मग धूर नाही."

"आग का खाली जाते काय, पोरी?"

"जाते. हळू जाते."

"मले काही खरं वाटत नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या. मग त्या यशपालकडे वळल्या. "दोन महिने झाले म्हणता. लोणचं घालता काय या लाकडांचं?"

यशपाल उठला नाही. मग धम्मदीपा पायरीवरून उतरली. तिने हवेची झडप पूर्ण उघडली, कारण तिने आईला तसे करताना पाहिले होते. काडेपेटी तिने वडिलांच्या मांडीवर ठेवली. ती जर्मनमध्ये म्हणाली, "तू लाव. जो आधी घरी येईल त्याने लावायची होती."

त्याने काडी ओढली. पहिली विझली. दुसरी त्याने ढलप्यांना लावली.

लाकूड खूप सुकले होते. ढलप्या पेटल्या, मग आडवी लाकडे, मग ज्वाळा खाली उतरू लागली. द्रौपदीबाई पदर तोंडाला लावून तयार बसल्या होत्या. खोकला आला नाही. पाच मिनिटांनी त्यांनी पदर खाली घेतला.

"धूर कुठं गेला?"

"जळला, आज्जी."

त्यांचा विश्वास बसेना. त्या शाल घेऊन अंगणात गेल्या आणि मान वर करून धुराड्याकडे पाहत राहिल्या. परत आल्या तेव्हा त्यांचे नाक लाल झाले होते. "वर तर काहीच दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि माझ्यापुढे जमिनीवर बसल्या, क्रांती बसायची तशा. मग त्या रडल्या. धम्मदीपा त्यांच्याजवळ जाऊन बसली.

आग अडीच तास चालली. यशपाल शेवटपर्यंत खुर्चीत होता. तो रडला नाही. निखारे विझल्यावर त्याने विचारले, "चहा कोणी घेणार आहे का?"

माझ्यात लागलेली ही शेवटची आग.

पुढच्या सोमवारी हेगेले आले. त्यांनी टोपी काढून द्रौपदीबाईंना वाकून नमस्कार केला. यशपालने दोन्ही पत्रके टेबलावर ठेवली.

"तिने तुम्हाला सांगितलं होतं का, यातला कोणता?"

"नाही. शनिवारी बोलणार होत्या."

"मला चुकीचा घ्यायचा नाहीये," यशपाल म्हणाला. त्या दोन महिन्यांत त्याने स्वतःहून सांगितलेली ही पहिलीच गोष्ट होती.

हेगेलेंनी चष्मा लावून दोन्ही पत्रके वाचली. क्रांतीच्या पेन्सिलच्या रेघा वाचल्या, समासातली मापे वाचली. बराच वेळ घेतला.

"हेर कांबळे," ते म्हणाले, "तुम्हाला चूक करताच येणार नाही. चुकीचे सगळे त्यांनी काढून टाकलेत. हे दोन्ही या खोलीला बरोबर आहेत. कोणताही घ्या, मी मंजुरी देईन."

"पण तिने एक ठरवला होता."

"हो," हेगेले म्हणाले. "ते आता कळणार नाही."

द्रौपदीबाई म्हणाल्या की मार्चमध्ये परत जायच्या आधी त्यांना नवा ओफन पाहायचा आहे. धम्मदीपाने या वेळी ओफन नको असे म्हटले नाही. तिने दोन्ही पत्रकांवरचे धुळीचे आकडे पुन्हा वाचले आणि आईने बरोबर वाचले होते असे सांगितले.

मित्रांनो, माझी तक्रार नाही. मी चौतीस वर्षे काम केले आणि माझ्या धुराने गावाची हवा खराब केली, हे दोन्ही खरे आहे. तुमच्या घरी कधी ओफन घ्यायचा झाला तर आधी खोली मोजा. लाकूड सुकू द्या. काडी वरून लावा. आणि घरात एकच माणूस लाकडे रचत असेल, तर त्याच्या शेजारी बसून ते शिकून घ्या. तो काही ठरवून बसला असेल, तर त्याच दिवशी विचारून घ्या. नंतर दुसऱ्या कोणाकडून ते कळत नाही.

आज २७ डिसेंबर. परवा माझी नळी धुराड्यापासून सोडवतील आणि भिंतीतल्या भोकावर पत्र्याचे झाकण बसवतील. मला भंगारात नेणारी गाडी जानेवारीत येईल. दोन्ही पत्रके टेबलावर आहेत. शेजारी ऑर्डरचा कागद आहे. त्यावर नाव, पत्ता आणि खोलीचे माप भरून झाले आहे. कोणता ओफन, ती ओळ यशपालने अजून भरलेली नाही.