चेहऱ्याला हातपिशवी नाही

फेस शहरातल्या त्या गल्लीत लग्न ठरलेल्या मुलीला हम्मामात, म्हणजे बायकांच्या सार्वजनिक न्हाणीघरात, घासायचा मान तामूमावशीचा. इतिमादच्या बहिणीच्या लग्नात मावशीनं मळ काढायला पंजावर चढवतात त्या खरखरीत हातपिशवीनं इतिमादचेही गाल घासले होते. कातडी सोलली, गाल चुरचुरले आणि मग पडलेले काळे डाग वर्षभर गेले नाहीत. आता तिचं स्वतःचं लग्न तोंडावर आलं होतं.

गरम खोलीत ती अंगाला काळा साबण लावून बसली होती. मावशी हातपिशवी चढवून पुढे आली.

"मावशी, पाठ घास, पण हळू. चेहरा माझा मी बघते."

"म्हणजे माझ्या हाताला नावं ठेवतेस?"

"चेहऱ्याला हातपिशवी लावायची नाही."

"मग जा मळकं तोंड घेऊन नवऱ्यापुढे!"

बायका खो खो हसल्या. इतिमादचे कान तापले, पण ती हलली नाही. "मळकं चालेल. सोललेलं नको."

मावशीनं पाठ फिरवली आणि सगळा राग स्वतःच्या नडगीवर काढला. वयानं पातळ झालेली कातडी ती. बघता बघता रक्त आलं. तरी ती घासतच होती. इतिमादनं तिचं मनगट धरलं.

"सोड."

"नाही सोडणार."

इतिमादनं जखमेवर कोमट पाणी ओतलं, स्वच्छ फडकं दाबून धरलं. रक्त थांबल्यावर हातपिशवी धुऊन ती मावशीच्या पाठीकडे वळली. साबण मुरू दिला, कातडी वाफेनं मऊ होऊ दिली आणि मग हलक्या हातानं लांब लांब फिरवत राहिली.

"जोर लाव की गं! जेवली नाहीस का?"

"जोर लागतच नाही. हे बघ." तिनं मळाच्या वळ्या दाखवल्या.

"मांजर कुरवाळतेस जशी," मावशी पुटपुटली. पण तिचे खांदे सैल पडले होते.

मग मावशीनं इतिमादची पाठ घेतली. मध्येच तिचा हात जड व्हायचा, इतिमाद "मावशी!" म्हणून ओरडायची आणि तो पुन्हा हलका व्हायचा. चेहऱ्याला इतिमादनं गुलाबपाण्यात कालवलेली माती नुसती बोटांनी लावली आणि वाळायच्या आत धुऊन टाकली.

बाहेरच्या गार खोलीत तिनं दोघींच्या अंगाला तेल लावलं, फक्त जखम सोडून. मावशीनं संत्रं सोलून अर्धं तिच्या हातात दिलं.

"हलीमाच्या पोरीचं लग्न ठरलंय. तिला घासायला तूही चल. तोंडाचं तूच बघ."

"येईन. पण पाय बरा होईपर्यंत तू त्याला हातपिशवी लावायची नाहीस."

मावशी कुरकुरली, आणि हो म्हणाली.