अण्णांचे मुनवे

कोयत्याने केळीचं खोड बुडाशी आडवं कापलं आणि ताई तिथेच उकिडवी बसून राहिली. एरवी आतून पांढरंशुभ्र असणाऱ्या खोडात तांबूस रेषांचं कडं उमटलं होतं. वरची पानं पिवळी पडून खोडाभोवती लोंबत होतीच, पण पानं काय, शंभर कारणांनी पिवळी पडतात. आतला तांबूसपणा मात्र ताईला चांगला ओळखीचा होता.

"मर रोग आहे," ती म्हणाली.

"औषध सांग," गुरुजी म्हणाले. निवृत्तीनंतर त्यांनी ही बाग लावली होती. ताईला त्यांनीच पाढे शिकवले होते, त्यामुळे तिच्या उत्तरांवर त्यांचा विश्वास तसा बेताचाच.

"औषध नाही, गुरुजी. बुरशी मातीत राहते, वर्षानुवर्षं. झाडं तोडायची आणि जागच्या जागी नष्ट करायची. इथे पुन्हा केळी लावायची नाही."

गुरुजींनी कापलेल्या खोडावरून नुसता हात फिरवला. मग ताईने तो प्रश्न विचारला. त्या आठवड्यात ती तो तिसऱ्यांदा विचारत होती. "लागवडीसाठी मुनवे कुठून आणले होते?"

"हे काय विचारणं झालं? तुझ्या वडिलांकडून. फुकट हातावर ठेवणारा दुसरा आहे कोण इथे?"

आधीच्या दोन बागांतही तिला हेच उत्तर मिळालं होतं, आणि तिथेही ते असंच कौतुकाने दिलं गेलं होतं.

ताई संशोधन केंद्रात प्रसार सहायक होती. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ जे शोधून काढत ते बांधावर जाऊन साध्या भाषेत सांगायचं, हे तिचं काम. ती आली की काहीतरी बिघडलेलंच असायचं, म्हणून लोक तिला मागून रोगताई म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला हसू यायचं. बिनतपासणीचे मुनवे लावू नका, हे ती कितीतरी वर्षं सांगत होती. सगळे माना डोलवत आणि दुसऱ्या दिवशी अण्णांच्या, म्हणजे तिच्याच वडिलांच्या, दारात उभे राहत.

अण्णांची रीतच तशी होती. केळीच्या बुडाशी फुटलेली पिल्लं, म्हणजे मुनवे, ते कधी विकत नसत. मागेल त्याला देत, एकाच अटीवर: तुझी बाग धरली की तूही पुढे दोघांना द्यायचे. या अटीचा त्यांना केवढा अभिमान. लहानपणी ताईलाही तो वाटायचा. आता त्याच अटीमुळे रोग किती बागांत गेला असेल, हे ती मोजू लागली. आणि स्वतःच्या घरची बाग? ती तिने कधी तपासलीच नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

घरी आल्यावर तिने काही लपवलं नाही. सगळं ऐकून घेतल्यावर अण्णा म्हणाले, "माझी बाग तर ठणठणीत उभी आहे."

"दिसते ठणठणीत. पहिले काही महिने तशीच दिसते."

"चल, काप," म्हणत त्यांनीच तिला आत नेलं. झाडही त्यांनीच निवडलं, घड लागलेलं, सगळ्यात उंच. ताईने कोयता मारला. आत तेच तांबूस कडं होतं, फिकट, पण होतं.

अण्णा कापलेल्या खोडापाशी खाली बसले. "मी निवडून, निरोगी बघून दिले गं," ते म्हणाले. "लोकांना वाईट द्यावं असं कधी मनातसुद्धा आलं नाही."

"माहीत आहे मला."

"उद्या तू शेतकऱ्यांची सभा घेतेयस, तिथे माझं नाव घ्यावं लागेल का?"

उभ्या जन्मात अण्णांनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. "बघते," ती म्हणाली, आणि रात्रभर बघतच राहिली.

सभा शाळेच्या सभागृहात होती. ताईने कापलेल्या खोडांचे फोटो दाखवले. बुरशी कशी पसरते ते सांगितलं: मुनव्यांतून, पाण्यातून, अवजारांना आणि पायांना चिकटलेल्या मातीतून. रोगाच्या बागेत पाऊल टाकू नका. त्या बागेतल्या माणसाला आपल्या बागेत घेऊ नका. रोपं प्रयोगशाळेतलीच लावा, मुनवे कोणाकडूनही घेऊ नका. अण्णांचं नाव तिने घेतलं नाही. ते मागच्या रांगेत बसले होते.

"कोणाकडूनही म्हणजे अण्णांचे सोडून ना, ताई?" ट्रॅक्टरवाल्याने विचारलं. "कालच सांगून आलोय त्यांना. ठेवलेत माझ्यासाठी."

दोन-चार जण हसले. त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. अण्णांचे मुनवे आणि बाकीच्यांचे मुनवे अशा दोनच जाती त्याला माहीत होत्या. ताईने मागे बघायचं टाळलं.

"सगळ्यात आधी त्यांचेच नकोत," ती म्हणाली. मग तिने सरळच सांगितलं. "रोग आमच्या बागेतून गेलाय."

गुरुजी मान खाली घालून बसले. तेवढ्यात मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. अण्णा आता उठून जाणार, असंच तिला वाटलं.

"पोरगी खरं बोलतेय," अण्णा उभ्यानेच म्हणाले. "माझ्याकडून नेलेले तुम्ही पुढे कोणाकोणाला दिलेत, ते आत्ता सांगा. मीच द्यायला लावले होते. लपवू नका."

मग एकेक जण उठला. मी मेहुण्याला दिले. मी व्याह्यांना. मी ओढ्यापलीकडच्या विधवा बाईला, तिला दुसरा आधार नाही म्हणून. प्रत्येक नावासरशी अण्णा मान हलवत होते, आणि त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बापलेकींनी घरची बाग तोडायला घेतली. मदतीला कोणी आलं नाही, येणारही नव्हतं. ताईनेच बजावलं होतं. पण दुपारी कधीतरी तिने वर पाहिलं तर रस्त्याच्या पलीकडे माणसं उभी होती. गुरुजी होते, ट्रॅक्टरवाला होता, मुनवे नेलेले झाडून सगळे होते. ते शेवटचं झाड पडेपर्यंत तसेच उभे राहिले.

काम संपल्यावर अण्णा कोयता टाकून त्यांच्या दिशेने निघाले. आल्यागेल्याला आत बोलावून बसवणारा माणूस तो, पाय आपोआप वळले. ते कुंपणापाशी पोचले तशी समोरची माणसं दोन पावलं मागे सरली. गुरुजीही सरले. ताईचं सांगणं लोकांनी इतकं मनापासून ऐकलेलं तिने आजवर पाहिलं नव्हतं, आणि तिला रडू आवरेना.

अण्णांनी खाली, चिखलाने भरलेल्या आपल्या पायांकडे पाहिलं. मग ते होते तिथेच थांबले.

"जा आता घरी," तिथूनच हात वर करून ते म्हणाले. "आणि आधी पाय धुवा सगळ्यांनी."