वॉर्डाच्या दारातली लाल बादली

मी बादली बोलतेय. पण पाण्याची नव्हे. माझं बूड गोल आहे. जमिनीवर ठेवली की लवंडते. म्हणून मला कुणी घरी नेत नाही. मी खुंटीवर टांगलेली असते, पोटात वाळू घेऊन, आगीची वाट पाहत.

भिलाईच्या पावर हाउस भागातल्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं, लाल रंग दिला. १९५८ साल होतं. पोलादाचा कारखाना उभा राहत होता; जिकडे पाहावं तिकडे खोदकाम, क्रेन आणि धूळ. मजुरांच्या छावणीत बांबूच्या तट्ट्यांचा एक तात्पुरता दवाखाना होता. तिथे बायकांच्या वॉर्डाच्या दारात माझी नेमणूक झाली.

मारोतराव माझा धनी. भंडाऱ्याकडचा शेतकरी, आता दवाखान्याचा पहारेकरी. आगीची जबाबदारी त्याच्याकडे. पहिल्याच दिवशी त्याने शिवनाथ नदीची वाळू चाळून माझ्यात भरली आणि आया गयाबाईला बजावलं, "घराले आग लागली तं माणूस पळते. इथं कोन पळन? कोनाचा पाय पलस्तरात, कोनाले टाके. बादलीले हात लावाचा नाही."

"नाही लावत बाप्पा! सोन्याचीच आहे जशी," गयाबाई म्हणाली.

पण तशी बारीक वाळू पाहून तिला राहवेना. रोज सकाळी एक मूठ घेऊन ती वॉर्डातले पितळी लोटे घाशी. लोटे असे लखलखत की डॉक्टरही कौतुक करत. जेवढी वाळू नेई तेवढी चुलीची राख ती माझ्यात घाली आणि वर वाळूचा पातळ थर पसरी. मारोतराव येई, वरून पाहे, "भरली," म्हणे आणि निघून जाई. ओरडून सांगावं असं मला वाटे. पण बादलीला तोंड असतं, जीभ नसते.

मग पहिली भट्टी पेटायचा दिवस आला. कारखान्यातून पहिलं लोखंड निघणार! छावणी रिकामी झाली. डॉक्टर गेले, कंपाउंडर गेला. पहारेकरी होण्याआधी मारोतरावाने त्या भट्टीचा पाया खोदला होता. दोन वर्षं तो याच दिवसाकडे डोळे लावून होता. तरी तो गेला नाही.

"जा ना भाऊ, मी आहो ना इथं," गयाबाई म्हणाली.

"तू आहेस म्हणूनच थांबलो."

वॉर्डातल्या अकरा बायका हसल्या. सगळ्यांत मोठ्याने हसली मनकर्णा. बांधकामावर विटा वाहायची, परांचीवरून पडून पाय मोडून घेतला होता, तो आता पलस्तरात होता.

दुपारी गयाबाईने इंजेक्शनच्या सुया उकळायला स्टोव्ह पेटवला. तिलाही भट्टी पाहायची घाई. स्टोव्ह मधेच विझला. तापलेल्या टाकीतच तिने रॉकेल ओतलं.

भक्कन भडका उडाला! रॉकेल सांडलं. जाळ जमिनीवरून तट्ट्याकडे धावला. गयाबाईने पाण्याची घागर उचलली.

"पानी नोको!" मारोतराव गरजला. "रॉकेल पसरन!"

त्याने मला खुंटीवरून ओढलं. माझा दिवस आला होता! त्याने मला जाळावर उपडी केली. थोडी वाळू पडली आणि मागून सगळी राख. ती फुफाट्यासारखी उडून त्याच्याच डोळ्यांत गेली.

"हे काय?"

"लोटे घासाले नेली जी वाळू..." गयाबाई रडू लागली.

"रडजो मंग! पहिले वाळू आन!"

बांधकामाची वाळू तीस पावलांवर पडली होती. गयाबाई मला घेऊन धावली. खाली ठेवता येईना. तिने मला गुडघ्यांत धरलं, दोन्ही हातांनी वाळू ओढली, परत धावली, ओतली. पुन्हा धावली. तिकडे मारोतराव लाल डोळ्यांनी एकेक खाट बाहेर ओढत होता.

"मले राहू द्या बाबाजी!" मनकर्णा ओरडली. "त्या बाळंतिणीले न्या आधी! माह्या पायाले चुना लावला आहे, तो काही जळत नाही!"

तट्टा पेटला. मारोतरावाने तो उघड्या हातांनी उपसून बाहेर पाडला. सहाव्या खेपेला स्टोव्ह वाळूखाली गाडला गेला. शेवटची खाट मनकर्णेची. अकरा बायका आणि एक तान्हं बाळ उन्हात होतं. सगळी जिवंत!

संध्याकाळी डॉक्टरांनी विचारलं, चूक कुणाची? गयाबाईने पदर तोंडाला लावला.

"माही," मारोतराव म्हणाला. हातांना फडकी बांधलेली होती. "मी वरूनच पाहत होतो. हात घालून नाही पाहिलं."

आता दवाखाना पक्का झाला आहे. विटांच्या भिंती, खाट सहज निघेल असे रुंद दरवाजे. मलाही तिथे आणलं. कडीला गंज चढलाय, रंग उडालाय. तक्रार नाही. मागणं एकच आहे. आजाऱ्याला भेटायला जाल तेव्हा फळं नंतर द्या. आधी दारातल्या बादलीत हात घाला.

मागच्या महिन्यात मनकर्णा बाळंतपणाला आली, स्वतःच्या पायांनी. कळा सुरू होत्या. नर्स घाई करत होती. पण मनकर्णा माझ्यापाशी थांबली, भिंतीचा आधार घेतला आणि कोपरापर्यंत हात माझ्यात खुपसला.

"बुडापर्यंत वाळूच आहे," ती म्हणाली, आणि मगच खाटेवर जाऊन पडली.