मेहुण्यांच्या खेळांची नोंद

माझ्या मेहुण्यांकडे अकराशेच्या वर व्हिडिओ गेम आहेत आणि त्यांतला एकही त्यांनी शेवटपर्यंत खेळलेला नाही. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांच्याच यादीत 'पूर्ण केला' असा एक रकाना होता आणि तो वरपासून खालपर्यंत कोरा होता.

मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात एकोणीस वर्षं पुस्तकांची नोंद करते. आलेल्या पुस्तकाला दाखल क्रमांक द्यायचा, विषय ठरवायचा आणि मागणाऱ्याच्या हातात ते दोन मिनिटांत पडेल अशी व्यवस्था करायची. मेहुण्यांच्या मते हे काम म्हणजे चिठ्ठ्या चिकटवणं. एकदा जेवताना त्यांनी मला समजावलं की पुस्तकाचं काय, नाव लिहिलं, लेखक लिहिला, संपलं. खरी कसोटी गेमच्या नोंदीत असते. कुठल्या मशीनवर चालतो, कुठल्या देशातली आवृत्ती, माहितीपुस्तिका आहे का, कव्हरचा कोपरा दुमडलाय का. मी मान खाली घालून जेवत राहिले.

तर या कसोटीला ते असे उतरले होते. आधी वही केली, अक्षरांच्या क्रमानं. तिसऱ्या महिन्यात 'स'ची पानं संपली आणि 'स'चे गेम 'ज्ञ'च्या मागे जाऊन बसले. मग कॉम्प्युटरवर तक्ता केला. त्याला एकेचाळीस रकाने, त्यांतला एक 'कव्हरचा वास'. मग फोनवर ॲप घेतलं. बारकोड दाखवला की नाव आपोआप येतं म्हणे. एका फुटबॉलच्या गेमची नोंद त्या ॲपनं लहान मुलांचा शाम्पू अशी केली आणि मेहुण्यांनी ती तशीच ठेवली. दर वेळी जुनं सगळं टाकून पहिल्यापासून सुरुवात, कारण आधीची पद्धतच चुकीची होती. या गोंधळात मोटारींच्या शर्यतीचा एकच गेम त्यांनी तीनदा विकत आणला.

शहरातल्या संग्राहकांचं एक मंडळ संग्रह बघायला येणार असं ठरलं आणि मंडळानं छापील सूची मागितली, तेव्हा ताईचा मला फोन आला. चार रविवार ये, म्हणाली. मी गेले ती तिच्याकडे बघून. खरं सांगायचं तर तिचाही मला राग होता. शाळेत गणितात कुणाला पुढे जाऊ न देणारी माझी बहीण एका डोळ्यांच्या दवाखान्यात स्वागतिकेच्या टेबलाशी बसायची आणि घरी येऊन मऊ ब्रशनं या माणसाची कव्हरं पुसायची. आधी मला तिची कीव यायची. नंतर नंतर तर मनातल्या मनात मी तिला मेहुण्यांच्याच रांगेत बसवलं होतं.

पहिल्याच रविवारी मी एकेचाळीस रकान्यांचे सहा केले. मेहुण्यांचा चेहरा पडला. प्रत्येक गेमला एक क्रमांक आणि त्याची जागा: कपाट, फळी, कितवा. दोन रविवारांत आठशे झाले. तिसऱ्या रविवारी मी साठा तपासायला घेतला, म्हणजे प्रत्येक कव्हर उघडून आत डिस्क आहे का ते बघायचं. मेहुणे म्हणाले, उघडायची काय गरज आहे. मी उघडलं. सातवंच कव्हर रिकामं निघालं. संध्याकाळपर्यंत रिकामी कव्हरं अडतीस झाली.

मेहुण्यांनी भिंतीला हात टेकला. मग संशयितांची यादी सुरू झाली आणि ही यादी मात्र त्यांना न अडखळता जमली. पंखा दुरुस्त करणारा. रंगारी. सख्खा धाकटा भाऊ. शेवटी ते खिडकीकडे बघत म्हणाले, "मागच्या रविवारी तू मोठी पिशवी आणली होतीस."

मी उत्तर द्यायच्या आत ताई दारात आली. हात पुसत होती.

"त्या माझ्याकडे आहेत," ती म्हणाली.

सहा वर्षांपूर्वी मेहुण्यांनी एक मशीन मोडीत द्यायला सांगितलं होतं, कारण त्याचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं. ताईनं ते दवाखान्यात नेलं. एक ते चार दवाखाना बंद असतो आणि वरच्या खोलीत एक टीव्ही आहे. रोज दुपारी डबा खाऊन ती खेळायची. अडतीसच्या अडतीस गेम तिनं शेवटपर्यंत नेले होते, काही दोनदा. आत जाऊन ती एक वही घेऊन आली. प्रत्येक गेमला एक पान: कधी सुरू केला, कुठे अडला, कसा सुटला. एका पानावर लिहिलं होतं, 'पुलावर मागे बघायचं नाही. हे कळायला तीन दिवस गेले. शेवट रडवतो, पण लबाडी करत नाही.' इतक्या वर्षांत माझ्या हातून असं एक वाक्य लिहून झालं नव्हतं.

मेहुण्यांनी वही उघडलीही नाही. "डिस्क कडेनं धरतेस ना?" त्यांनी विचारलं. थोड्या वेळानं म्हणाले, "आता अडतीसांपुढे 'वापरलेला' असं लिहावं लागेल."

स्वयंपाकघरात मी ताईला विचारलं, मला तरी सांगायचंस.

"तू येतेस आणि ह्यांच्याबद्दल बोलतेस," ती म्हणाली. "मी दुपारी काय करते, हे कधी विचारलंस?"

मेहुण्यांना नाकं मुरडण्यात मला इतकी गोडी लागली होती की तिच्याकडे बघायचं राहूनच गेलं होतं.

मंडळाची माणसं आली त्या दिवशी मी वही मुद्दाम टेबलावर ठेवली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांनी छापील सूची वाऱ्यासाठी हलवली, मग वही उचलली आणि उभ्या उभ्या चार पानं वाचली. "हे कोणी लिहिलंय?" असं विचारून ते ताईसमोर जे बसले, ते तासभर पुलावरच बोलत होते. बाकीचेही भोवती जमले. मेहुणे सूचीच्या वीस प्रती छातीशी धरून बाजूला उभे राहिले आणि अधूनमधून सांगत राहिले की तो गेम तिसऱ्या कपाटातला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी ताईकडे शिकायचं म्हटलं. घरातल्या मशीनवर पहिल्याच टप्प्यात अकरा वेळा खड्ड्यात पडले, मग बटण सदोष आहे असं जाहीर करून उठले. ताईनं ते मशीन दवाखान्यातून घरी आणलंच नाही. तिथंच बरं आहे, म्हणाली.

बुधवारी माझी अर्धी सुट्टी असते. दोनला मी तिथं पोचते. जिने चढून जाते तेव्हा ती शेवटच्या टप्प्यात गुंतलेली असते आणि मान न वळवता शेजारची खुर्ची पायानं माझ्याकडे सरकवते.