अर्धं बूच

तळवड्याच्या आयटी पार्कमागे, इंद्रायणीकाठच्या दलदलीत मालोजीची आठ मेंढरं चरायची. दोन वर्षांपूर्वी बायको कौशल्याबाई गेली, तेव्हापासून त्याचं सगळं बोलणं या आठ जिवांशीच. मुलगा निरंजन मारुंजीत भाड्यानं राहायचा. रविवारी फोन करायचा, तोही शिफ्ट आड आली की राहून जायचा.

त्यातली चंद्री कौशल्याबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. तिच्याच जबड्याखाली पाणी साचून पिशवी लोंबली आणि एका सकाळी ती उठलीच नाही! मालोजी तिच्याशेजारी बसून हमसून हमसून रडला. सांगणार तरी कुणाला?

त्यानं गुरांच्या दवाखान्यात फोन केला. डॉक्टर मिनल लगेच आल्या. "बाबा, पोट उघडून बघू द्या. बाकीच्या सात जणींसाठी."

मालोजीनं तोंड फिरवून मान हलवली.

चंद्रीच्या यकृतात पानासारखे चपटे कृमी वळवळत होते.

"आसं कसं? पंधरा दिसामागंच जंताचं औषध पाजलंय की!"

"किती पाजलंत?"

"अर्धं बूच. आधीच्या डाक्टरांनी बूचभर सांगितलं हुतं, पर लई कडू आसतंय ते. बिचाऱ्या माझ्याकडं बघत्यात. न्हाई बघवत मला."

"आणि दरवर्षी हेच औषध?"

"व्हय. कौशल्या आणायची तेच."

"बाबा, अर्ध्या औषधानं लेचेपेचे कृमी मरतात, चिवट तेवढे उरतात. त्यांचीच पिलावळ वाढते आणि मग ती पूर्ण औषधालाही दाद देत नाही. आता औषध बदलू. प्रत्येकीचं वजन करून पूर्ण पाजायचं, नंतर लेंड्या तपासायच्या. आणि दलदलीत चारणं बंद. तिथल्या गोगलगाईंमुळेच हे पसरतं."

म्हणजे चंद्रीला आपल्या मायेनंच मारलं! मालोजीला कळून चुकलं.

फोनवर हे ऐकून निरंजननं वजनकाटा पार्सलनं धाडला. स्वतः आला नाही. मालोजी आधी एकटाच काट्यावर उभा राहिला, मग एकेक मेंढी उराशी धरून. दोन वर्षांत त्यानं कुणालाच असं उराशी धरलं नव्हतं. औषध पाजताना मेंढी कळवळून बघू लागली. तरी त्यानं शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं.

"रागाव माझ्यावर," तो म्हणाला, "पर जग!"

मंडळी, ताप उतरला की अँटिबायोटिकच्या गोळ्या अर्ध्यावर सोडणारे आपण तरी कुठं वेगळे आहोत? औषधात अशी दया दाखवली, की ती आजाराच्याच पथ्यावर पडते.

तीन आठवड्यांनी लेंड्या स्वच्छ निघाल्या. मालोजीच्या सातही मेंढ्या आज धडधाकट आहेत. संध्याकाळी मोजताना तो अजून आठपर्यंत जातो.