नकाराच्या पत्राची मागची बाजू

मित्रांनो, घटकाभर डोळे मिटा. समजा, तुमच्या छातीवर कुणी खोटं लिहिलं आणि पाठीवर खरं. लोक भेटतात ते समोरून. पाठ कोण बघतो?

मी एक जुना कागद आहे. उसाच्या चिपाडांच्या लगद्यातून माझा जन्म झाला. एखाद्या मुलाची वही व्हावं, एवढीच माझी इच्छा होती. पण मी आलो धाराशिवच्या एका शिक्षणसंस्थेच्या कचेरीत.

तिथं ग्रंथालयात मदतनिसाची एक जागा भरायची होती. सास्तूरच्या शिवकन्येनं अर्ज केला होता. मुलाखती झाल्यावर सचिव उमाशंकर सरांनी तिचं फेसबुक उघडलं. त्यात तिच्या डोहाळजेवणाचा फोटो होता. हिरवी साडी, फुलांचे दागिने, शेजारी मुलगी निकिता. सरांनी तो माझ्यावर छापला आणि बाजूला लाल पेनानं लिहिलं, 'गरोदर. लगेच रजा मागणार. नको.' खाली सही केली.

“पण सर, मुलाखतीत हिचाच पहिला नंबर हाय की,” कारकून हणमंतप्पा म्हणाले.

“मुलाखतीत माणूस खरं बोलतं व्हय, हणमंतप्पा? खरं फेसबुकात कळतंय. अनुभव कमी, असं कळवा.”

पाच वर्षं वाचनालय सांभाळलेल्या बाईला अनुभव कमी!

हणमंतप्पांची एक रीत होती. एका बाजूनं छापलेले कागद ते टाकत नसत. पाठकोरे म्हणून जपून ठेवत आणि कोऱ्या बाजूवर पुन्हा छापत. या काटकसरीचं सर फार कौतुक करत. नकाराच्या पत्राला नवा कागद कशाला, म्हणून हणमंतप्पांनी पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यातला वरचा कागद यंत्रात घातला. तो मी होतो. उलटून न बघता त्यांनी मला पाकिटात घातलं.

शिवकन्येनं पत्र वाचलं, घडी केली आणि फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी चौथीतल्या निकितानं भागाकार करायला मला उचललं आणि उलटलं.

“आई, ही तूच की. हितं 'नको' लिवलंय. कोण नको? तू का बाळ?”

शिवकन्येनं मला तिच्या हातातून घेतलं. ती मला घेऊन लोहाऱ्याला महांतप्पा वकिलांकडं गेली.

वकील म्हणाले, “फोटो तुम्हीच टाकला, त्यांनी बघितला. तेवढ्यावर काय म्हणता येत न्हाय. पण गरोदर म्हणून बाईला डावलायचं आणि कारण दुसरंच द्यायचं, हे कायद्याला चालत न्हाय. एरवी हे शाबीत करणं लई अवघड. यांनी तर सहीनिशी दिलंय. झेरॉक्सवर भागणार न्हाय, शाईचा कागद जपा.”

मित्रांनो, आज मी कोर्टाच्या एका फायलीत टाचलेला आहे. तेव्हा पोटात असलेलं बाळ आता चालतं, आणि मी अजून तारखा मोजतो. उमाशंकर सरांची खुर्ची आहे तिथंच आहे. हणमंतप्पा मात्र घरी बसले. म्हणून सांगतो, कागद हाती आला की उलटून बघा. आणि माणसावर 'नको' लिहिण्याआधी, ते त्याच्या तोंडावर म्हणता येईल का, ते बघा.

पण मी या फायलीपर्यंत पोचलो कसा, ते राहिलंच. वकिलांची नोटीस गेली आणि चार दिवसांत हणमंतप्पा सास्तूरला आले. हातात नवं पत्र होतं.

“ताई, मजकूर तोच हाय. हे ठेवा, ते द्या. माझी चूक झाली. माझी नोकरी जाईल.”

“देऊन टाक गं,” सासू सिताबाई म्हणाल्या. “म्हातारं माणूस हाय.”

शिवकन्येचा हात फळीकडं गेला. तिनं मला खाली काढलं.

निकितानं हणमंतप्पांच्या हातातलं नवं पत्र घेतलं आणि उलटून बघितलं.

“आजोबा, ह्याच्या मागं तर कायच न्हाय.”

मग तिनं नवं पत्र त्यांना परत दिलं, आईच्या हातातून मला घेतलं, गणिताच्या पुस्तकात घातलं, पुस्तक दप्तरात घातलं, आणि ती दप्तरावर बसली.