न कळता म्हटलेला हो

जावा बेटावरच्या मलांग शहरातल्या त्या प्रशिक्षण केंद्रात विलुजेंगबाईंच्या इंग्रजीच्या वर्गाला एकच नियम होता: न कळता जी ‘यस मॅम’ म्हणेल, तिने सगळा वर्ग झाडायचा. बाकीचे शिक्षक पुस्तिकेतली वाक्यं घोकून घ्यायचे. बाईंनी ती पुस्तिका कधी उघडलीसुद्धा नाही. त्या इंग्रजीत भराभरा काहीतरी सांगायच्या, लाल बादली आण, पण पाणी ओतू नकोस, असलं काही, आणि सिंगापूरला घरकामाला निघालेल्या त्या बावीस जणी गोड हसून माना डोलवायच्या. कळलं नाही म्हणायचं म्हणजे समोरच्याचा अपमान, हे जावातल्या पोरींना बाळकडूच मिळतं. मोठ्या माणसाला ‘इंग्गी’, म्हणजे हो जी, म्हटलं की सुटलो. मग पाणी ओतलं काय नि घर पेटवलं काय!

“घ्या झाडू,” बाई म्हणायच्या. “आणि आता म्हणा, मला कळलं नाही, करून दाखवा.”

हे एवढंसं इंग्रजी वाक्य त्यांच्या तोंडात बसवायला तीन आठवडे जायचे. नवी तुकडी आली की पुन्हा पहिल्यापासून. पंधरा वर्षं हेच. जीव अगदी विटला होता, आणि गुडघ्यांचं दुखणं वेगळंच.

बाई स्वतः सिंगापुरात नऊ वर्षं राबल्या होत्या. तिथल्या मालकिणीने एकदा विचारलं होतं, “तुझ्या आईचं दुखणं वाढलंय म्हणून निरोप आलाय. आत्ता जातेस, की चिनी नववर्ष उरकून गेलीस तर चालेल?” बाईंना त्यातलं फक्त ‘आई’ आणि ‘नववर्ष’ कळलं. त्या हसून ‘यस मॅम’ म्हणाल्या. मालकीण वाईट नव्हती हो, बिचारीने विचारलं तरी होतं! बाई गावी पोचल्या तेव्हा आईच्या कबरीवर गवत उगवलं होतं.

त्या दिवशी सकाळी केंद्राचे संचालक हार्तोयोसाहेब वर्गाच्या दारातच उभे राहिले.

“बाई, तुमच्या पोरी मुलाखतीत ‘कळलं नाही, कळलं नाही’ करतात आणि गिऱ्हाईक पळतं. त्या विनार्तीला दोघी मालकिणींनी नाकारलंय. आज तिसरी. आज ती हो म्हणाली नाही, तर ती तिच्या गावाला आणि तुम्ही तुमच्या घरी. कळलं?”

“इंग्गी,” बाई म्हणाल्या.

विनार्ती चोवीस वर्षांची. नवऱ्याचा दोन वर्षं पत्ता नाही, तीन वर्षांची पोर ब्लितारला आजीपाशी. दहा वाजता ती मुलाखतीला संगणकाच्या पडद्यासमोर बसली. बाई बाजूला, कॅमेऱ्यात न दिसतील अशा. साहेब दाराशी. पडद्यावरच्या मॅडमनी विचारलं, स्वयंपाक येतो का, कुत्र्याची भीती वाटते का. विनार्तीने नीट उत्तरं दिली. मग मॅडम हातातल्या फोनकडे बघत भरकन बोलून गेल्या: शनिवार-रविवार माझ्या बहिणीच्या घरचंही काम करावं लागेल, आणि पहिले आठ महिने सुट्टी मिळणार नाही, चालेल ना?

विनार्तीला ओ की ठो कळलं नाही. ते शिकवलेलं वाक्य ओठांवर आलं असावं, पण तिने आधी बाईंकडे पाहिलं. दाराशी साहेब खाकरले. बाईंच्या मनात एवढंच आलं, मरू दे, किती वेळा तेच ते. आणि त्यांनी मान हलवली. एकदाच, एवढीशी.

“यस मॅम!” विनार्ती म्हणाली.

निवड झाली. साहेबांनी हात चोळले, चार वाजता करारावर सही म्हणाले. बाई वर्गात येऊन खुर्चीत बसून राहिल्या. एवढ्यात विनार्ती हसत आत आली आणि तिने थेट कोपऱ्यातला झाडू उचलला.

“काय गं, जिंकून आलीस ना? मग झाडू कशाला?” एकीने टोमणा मारला.

“न कळता हो म्हटलं ना मी! नियम म्हणजे नियम.” मग बाईंकडे वळून म्हणाली, “बाई, शेवटी काय विचारलं त्यांनी? तुम्ही मान हलवलीत, म्हणजे चांगलंच असणार.”

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या उठल्या आणि विनार्तीच्या हातातून झाडू काढून घेतला.

“तू नाही. आज मी.”

बाकांखालून केर ओढता ओढता बाईंनी तिला सगळं सांगितलं. दोन घरं. आठ महिने. मान का हलवली, तेही सांगितलं.

विनार्ती खाली बसली. “पोरीला फोन तरी कधी करणार मी?” मग ती उठून उभी राहिली. “चारच्या आत साहेबांना सांगते, मला कळलं नव्हतं म्हणून. पण एकटीने जायला भ्या वाटतं. तुम्ही याल बाई?”

साहेब काय म्हणणार, ते बाईंना पाठ होतं. घरी बसायचं, या वयात.

“हो,” त्या म्हणाल्या.

मागून कुणीतरी हळूच विचारलं, “कळून म्हणालात ना, बाई?”

“कळून, गं बाई,” त्या म्हणाल्या. केर सुपलीत भरला, झाडू भिंतीला टेकवला आणि दाराशी काढलेल्या चपला पायांत सरकवल्या.